लॉगची समीकरणं: कोणतं उत्तर ठेवायचं, कोणतं खोडायचं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या शिकवणीला येणारी एक मुलगी चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आली आणि काही न बोलता तिने ती माझ्यासमोर ठेवली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला विज्ञान शाखा, त्यामुळे गणितासोबत इंग्रजीशीही झटापट चाललेली. प्रश्न होता:

लॉग₂(३ − क्ष) + लॉग₂(१ − क्ष) = ३

पाच ओळींचं काम तिने स्वच्छ केलं होतं. क्ष = ५ किंवा क्ष = −१, इथवर एकही चूक नाही. मग −१ वर काट, बाजूला बारीक अक्षरात ‘ऋण आहे म्हणून’, आणि ५ भोवती पट्टीने आखलेला चौकोन. त्या चौकोनावर लाल शाईची फुली होती.

“सर, ऋण उत्तर आलं की काटून टाकायचं असते न? मग माझं चुकलं काऊन?”

या समीकरणाचं बरोबर उत्तर −१ आहे. खोडायचं होतं ते ५. तिला कुणीतरी कधीतरी ‘लॉगमध्ये ऋण चालत नाही’ एवढंच सांगितलं होतं. वाक्य खोटं नाही, पण काय ऋण चालत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. क्ष खुशाल ऋण असू द्या. लॉगच्या पोटात जी राशी बसली आहे, ती ऋण किंवा शून्य असून चालत नाही. हा लेख त्या एका फरकासाठी लिहितो आहे. अकरावीत लॉग पहिल्यांदा भेटला असेल, सीईटीची तयारी सुरू असेल, किंवा घरी मुलांचा अभ्यास घेताना स्वतःचं शिक्षण आठवत नसेल, तर वही-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक गणित माझ्यासोबत सोडवा. नुसतं वाचून हे येत नाही.

लॉग काय विचारतो

लॉग हा मुळात एक प्रश्न आहे. लॉग₂ ८ म्हणजे ‘२ चा कितवा घात केला की ८ येतात?’ तिसरा. म्हणून लॉग₂ ८ = ३. पायाशी लिहिलेला तो लहान आकडा म्हणजे लॉगचा पाया. पाया लिहिलाच नसेल तर केमिस्ट्रीत आणि लॉग टेबल वापरताना तो १० समजायचा: लॉग १०० = २, लॉग १००० = ३, लॉग ०.१ = −१. बारावीला कलन (कॅल्क्युलस) सुरू झालं की आपल्या पुस्तकात नुसत्या लॉगचा पाया ई, म्हणजे सुमारे २.७१८, धरलेला असतो. हा बदल लक्षात ठेवा, पुष्कळ मुलं तिथे अडखळतात. या लेखात पाया लिहिला नसेल तिथे १० समजा.

आता २ चे घात एकाखाली एक मांडून पाहा. २⁵ = ३२. २¹ = २. २⁰ = १. २⁻³ = १/८. २⁻¹⁰ = १/१०२४. घातांक कितीही खाली न्या, उत्तर लहान लहान होत जातं, पण शून्याला टेकत नाही, आणि शून्याच्या पलीकडे तर जातच नाही. म्हणून ‘२ चा कितवा घात केला की −८ येतील?’ या प्रश्नाला वास्तव संख्यांमध्ये उत्तरच नाही. ‘कितवा घात केला की शून्य येईल?’ यालाही नाही. अट इथून आली आहे. कुणी वरून लादलेली नाही, त्यामुळे पाठ करायचीही गरज नाही.

पायाच्याही दोन अटी आहेत. पाया धन हवा, कारण −४ चा अर्धा घात म्हणजे −४ चं वर्गमूळ, ते वास्तव संख्यांत मिळत नाही. आणि पाया १ नको, कारण १ चा कितीही घात केला तरी १ च येतो, मग प्रश्नाला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळी आहे: लॉगचं स्वतःचं उत्तर. लॉग ०.१ = −१ हे अगदी योग्य आहे. पोटात धन, बाहेर काहीही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आपल्या भागाची आहे. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगची कोष्टकं प्रसिद्ध केली आणि हेन्री ब्रिग्जने त्यांना १० चा पाया दिला. उद्देश एकच, मोठाले गुणाकार बेरजेवर आणणं. भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्ब्टनने सुरू केली, तेव्हा त्या शेकडो त्रिकोणांची आकडेमोड याच कोष्टकांच्या आधाराने हाताने व्हायची. तो लॅम्ब्टन हैदराबादकडून नागपूरकडे येत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. आपल्या नागपुरातला झिरो माइलचा दगडही त्याच मोजणीची आठवण. सीताबर्डीहून जाता-येता तो दिसला की मला लॉग टेबलचं ते पिवळं पडलेलं पुस्तक आठवतं. आजही बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं.

पहिली पायरी: हात लावण्याआधी अटी लिहा

समीकरण दिसलं की मुलं लगेच बेरजेचा गुणाकार करायला धावतात. थांबा. आधी समीकरणात लॉग किती आहेत ते मोजा, आणि प्रत्येकाच्या पोटातली राशी शून्यापेक्षा मोठी, असं मूळ समीकरणावरून लिहून घ्या. पुढे राशी बदलतात, एकत्र होतात, लॉग नाहीसे होतात, त्यामुळे हे काम नंतर करता येत नाही.

उदाहरणार्थ, लॉग₆(क्ष + ४) + लॉग₆(क्ष − १) = १. दोन लॉग, म्हणून दोन अटी: क्ष + ४ > ०, म्हणजे क्ष > −४; आणि क्ष − १ > ०, म्हणजे क्ष > १. दोन्ही एकाच वेळी पाळायच्या, म्हणून क्ष > १. कोपऱ्यात हे लिहून त्याला चौकट करा. गणिताच्या भाषेत हा समीकरणाचा प्रांत, कॉलेजात डोमेन म्हणतात.

एकटा लॉग

सर्वांत साधा प्रकार: लॉग₂(क्ष − ३) = ४.

प्रश्न उलटा वाचा: २ चा चौथा घात म्हणजे क्ष − ३. म्हणून क्ष − ३ = १६, क्ष = १९. ताळा: १९ − ३ = १६, लॉग₂ १६ = ४. जुळलं.

या प्रकारात परकं उत्तर, म्हणजे सोडवताना निघालेलं पण मूळ समीकरणात न बसणारं उत्तर, शिरूच शकत नाही. क्ष − ३ ला आपण १६ च्या बरोबर केलं आणि १६ धनच आहे, तेव्हा पोटातली अट आपोआप पाळली गेली. इथला ताळा फक्त आकडेमोडीच्या चुकीसाठी. हे मुद्दाम सांगतो, कारण नको असलेलं उत्तर हवेतून येत नाही. ते एका ठरावीक पायरीवर आत येतं, आणि ती पायरी ओळखता येते.

दोन लॉग एकत्र केले की काय होतं

आता वरचं अटी लिहिलेलं समीकरण घ्या.

लॉग₆(क्ष + ४) + लॉग₆(क्ष − १) = १

पाया एकच असलेल्या लॉगची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग:

लॉग₆[(क्ष + ४)(क्ष − १)] = १
(क्ष + ४)(क्ष − १) = ६
क्ष² + ३क्ष − ४ = ६
क्ष² + ३क्ष − १० = ०
(क्ष + ५)(क्ष − २) = ०

क्ष = २ किंवा क्ष = −५. चौकटीत काय लिहिलंय? क्ष > १. म्हणून −५ गेलं, २ राहिलं. ताळा: लॉग₆ ६ + लॉग₆ १ = १ + ० = १. उत्तर २.

आता खोडलेल्या −५ कडे परत या. मुलं इथे पान उलटतात, मी त्यांना थांबवतो. −५ मूळ समीकरणात ठेवलं तर पहिल्या लॉगच्या पोटात −१ येतात, दुसऱ्याच्या पोटात −६. दोघंही ऋण, दोन्ही लॉग अस्तित्वातच नाहीत. पण त्यांचा गुणाकार? (−१) × (−६) = ६. अगदी हवा तोच! म्हणजे ज्या ओळीत आपण दोन लॉगचा एक लॉग केला, त्या ओळीत −५ ला दार उघडलं. आधी दोन राशी वेगवेगळ्या धन असायला हव्या होत्या. आता फक्त त्यांचा गुणाकार धन असला की पुरे झालं. ऋण गुणिले ऋण धन, एवढ्याच कारणाने ते उत्तर आत आलं. लॉग(म × न) = लॉग म + लॉग न हे सूत्र म आणि न दोन्ही धन असतील तेव्हाच खरं, हे सूत्रासोबतच लक्षात ठेवायला हवं.

वजाबाकीचंही तसंच. लॉग म − लॉग न चा लॉग(म/न) केला की ऋण भागिले ऋण धन होतं, आणि तेच दार उघडतं.

जाता जाता, लॉग(म + न) म्हणजे लॉग म + लॉग न नव्हे. विश्वास बसत नसेल तर १० आणि १० घेऊन पाहा: लॉग २० सुमारे १.३०१ आणि लॉग १० + लॉग १० = २.

उत्तरपत्रिकेतलं ते गणित

आता त्या मुलीचं समीकरण. लॉग₂(३ − क्ष) + लॉग₂(१ − क्ष) = ३.

आधी अटी. ३ − क्ष > ०, म्हणजे क्ष < ३. १ − क्ष > ०, म्हणजे क्ष < १. दोन्ही मिळून क्ष < १. चौकट करा. या चौकटीत सगळ्या ऋण संख्या बसतात हे आताच दिसतंय.

(३ − क्ष)(१ − क्ष) = २³ = ८
क्ष² − ४क्ष + ३ = ८
क्ष² − ४क्ष − ५ = ०
(क्ष − ५)(क्ष + १) = ०

क्ष = ५ ठेवा: पोटात ३ − ५ = −२, आणि १ − ५ = −४. दोन्ही ऋण, गुणाकार ८. पुन्हा तोच प्रकार, खोडा. क्ष = −१ ठेवा: ३ − (−१) = ४, १ − (−१) = २. लॉग₂ ४ + लॉग₂ २ = २ + १ = ३. बरोबर.

मी तिला हा ताळा स्वतःच्या हाताने करायला लावला. ‘तीन वजा वजा एक’ इथे ती थांबली, ४ लिहिले, पुन्हा थांबली आणि म्हणाली, “म्हणजे क्ष नाही पाहायचा, आतलं पाहायचं.” मी दहा मिनिटं समजावत होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं. तेव्हापासून मी वर्गात तिचंच वाक्य वापरतो: क्ष नाही पाहायचा, आतलं पाहायचं.

दोन्ही बाजूंना लॉग

लॉग(क्ष² − १२) = लॉग क्ष. पाया एकच, म्हणून पोटातल्या राशी समान: क्ष² − १२ = क्ष, म्हणजे क्ष² − क्ष − १२ = ०, म्हणजे क्ष = ४ किंवा −३. −३ ठेवलं तर उजवीकडे लॉग(−३), खोडा. ४ ठेवलं तर दोन्हीकडे लॉग ४. उत्तर ४.

इथे थोडं काम वाचतं. लॉग काढल्यावर दोन्ही बाजू समान झाल्या आहेत, त्यामुळे एका बाजूच्या पोटातली राशी धन निघाली की दुसरीही धनच असणार. सोपी बाजू निवडा आणि तेवढीच तपासा. वरच्या गणितात उजवीकडे नुसता क्ष आहे, मग क्ष² − १२ कशाला मोजत बसायचं? पण हे फक्त दोन्ही बाजूंना एकेकच लॉग आणि पुढे कोणताही गुणक नसेल तेव्हा.

कधी कधी काहीच उरत नाही. लॉग(२क्ष − ५) = लॉग(क्ष − ३) सोडवा: २क्ष − ५ = क्ष − ३, क्ष = २. ठेवून पाहा: डावीकडे पोटात −१, उजवीकडे −१. दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसतात, म्हणून मुलं बरोबरची खूण करून मोकळी होतात. पण लॉग(−१) नाहीच. या समीकरणाला उकल नाही. ‘उकल नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, ते लिहायला घाबरू नका. परीक्षेत उत्तर आलं नाही की आपणच चुकलो असं वाटून मुलं सगळं पान खोडून टाकतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की ही ओळ ठळक अक्षरात लिहावीशी वाटते.

घात पुढे आणताना उत्तर हरवतं

इथे जरा सावकाश वाचा, कारण या चुकीला ताळाही पकडत नाही.

लॉग₃(क्ष − २)² = ४. इथे वर्ग पोटातल्या राशीचा आहे. लॉग म² = २ लॉग म हे सूत्र माहीत आहे म्हणून लगेच घात पुढे आणला: २ लॉग₃(क्ष − २) = ४, लॉग₃(क्ष − २) = २, क्ष − २ = ९, क्ष = ११. ताळा केला: ९ चा वर्ग ८१, लॉग₃ ८१ = ४. जुळलं, पुढचं गणित. पण एक उत्तर हरवलं!

सरळ सोडवा: (क्ष − २)² = ३⁴ = ८१. म्हणून क्ष − २ = ९ किंवा क्ष − २ = −९. क्ष = ११ किंवा क्ष = −७. −७ ठेवा: −९ चा वर्ग ८१, पोटात धन, लॉग₃ ८१ = ४. हेही पूर्ण बरोबर. मूळ समीकरणात पोटात वर्ग होता, त्यामुळे क्ष − २ ऋण असला तरी चालत होतं. घात पुढे आणल्याबरोबर पोटात नुसता क्ष − २ उरला आणि अट कडक झाली. −७ ला आपणच बाहेर काढलं.

ताळा आलेल्या उत्तराची परीक्षा घेतो. जे आलंच नाही त्याला तो कसा शोधणार? म्हणून माझा नियम असा: पोटात सम घात दिसला की तो पुढे आणायचा नाही, समीकरण घातांकाच्या रूपात उलटायचं आणि वर्गमूळ काढताना अधिक-उणे दोन्ही घ्यायचे.

उलट दिशेने गेलात तर धोका उलटा. २ लॉग₃ क्ष = लॉग₃(क्ष + ६) मध्ये गुणक २ ला घात करून वर न्यावाच लागतो: क्ष² = क्ष + ६, क्ष = ३ किंवा −२. −२ ठेवलं तर उजवीकडे लॉग₃ ४, काही हरकत नाही. पण डावीकडे लॉग₃(−२). खोडा. ३ चा ताळा: २ × १ = २ आणि लॉग₃ ९ = २. उत्तर ३. इथे कुणी उजवी बाजूच तपासली असती तर −२ सुटून गेलं असतं. मघाच्या सवलतीला गुणकाची अट घातली होती ती याच कारणाने.

लॉगचंच वर्गसमीकरण

(लॉग क्ष)² − लॉग क्ष − २ = ०. इथे वर्ग पोटातल्या राशीचा नसून अख्ख्या लॉगचा आहे. कंस नीट पाहा. लॉग क्ष = त मानलं तर त² − त − २ = ०, (त − २)(त + १) = ०, त = २ किंवा त = −१.

आणि इथे पुन्हा काट पडते! ‘लॉग क्ष = −१, ऋण, चालत नाही.’ वहीचं पहिलं पान उघडा: पोटात धन, बाहेर काहीही. त हे लॉगचं उत्तर आहे, पोटातली राशी नव्हे. त = २ वरून क्ष = १००, त = −१ वरून क्ष = ०.१. दोन्ही धन, दोन्ही चालतात. ०.१ चा ताळा: (−१)² − (−१) − २ = १ + १ − २ = ०. बरोबर.

वेगवेगळे पाये असतील तर आधी एकच पाया करून घ्या. लॉग₂ क्ष + लॉग₄ क्ष = ६ मध्ये ४ हा २ चा वर्ग, म्हणून लॉग₄ क्ष म्हणजे लॉग₂ क्ष चा अर्धा. दीड लॉग₂ क्ष = ६, लॉग₂ क्ष = ४, क्ष = १६. ताळा ४ + २ = ६.

पायातच क्ष असेल तर अटी तीन होतात. पाया क्ष घेऊन (३क्ष − २) चा लॉग २ आहे असं दिलं, तर क्ष² = ३क्ष − २, क्ष² − ३क्ष + २ = ०, क्ष = १ किंवा २. पोटातली राशी १ ला १ येते आणि २ ला ४ येतात, दोन्ही धन. पण १ हा पायाच होऊ शकत नाही. उत्तर २: पाया २, पोटात ४, लॉग २.

ताळा किती करायचा

परीक्षेत वेळ कमी असतो, तेव्हा एक व्यावहारिक गोष्ट. परकं उत्तर ओळखायला पूर्ण ताळ्याची गरज नाही, प्रत्येक पोटातल्या राशीचं चिन्ह पाहिलं की पुरे (पायात क्ष असेल तर पायाच्या अटीही पाहा). लॉग₂ क्ष + लॉग₂(क्ष − २) = २ सोडवलं की क्ष² − २क्ष − ४ = ० येतं आणि मुळं निघतात १ + √५ आणि १ − √५. पूर्ण न सुटणारं वर्गमूळ, म्हणजे करणी, पाहून घाबरू नका. √५ सुमारे २.२३६. पहिलं मूळ सुमारे ३.२३६, त्यातून २ गेले तरी १.२३६ उरतात, दोन्ही धन, ठेवा. दुसरं सुमारे −१.२३६, क्ष स्वतःच पोटात आहे, खोडा. एका ओळीत काम झालं. आणि ती एक ओळ उत्तरपत्रिकेवर लिहा: ‘क्ष = १ − √५ घेतल्यास लॉगमधील राशी ऋण होते, म्हणून ते उत्तर ग्राह्य नाही.’ कारण न लिहिता नुसती काट मारली तर तपासणाऱ्याला तुम्हाला कळलं होतं की अंदाजाने मारली हे समजत नाही.

गणित रोजच्या व्यवहारातून आलं असेल तर पोटातल्या अटीच्या वर आणखी एक अट येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हाचे ढोल घ्या. एका ढोलाच्या जागी तेवढ्याच आवाजाचे ‘न’ इतके ढोल वाजू लागले तर आवाजाची पातळी १० लॉग न डेसिबलने वाढते. दोन ढोल झाले तर १० लॉग २, म्हणजे फक्त ३ डेसिबलच्या आसपास. पातळी २० डेसिबलने वाढली तर १० लॉग न = २०, न = १००. आता वाढ १५ डेसिबल सांगितली तर? लॉग न = १.५, न सुमारे ३१.६. पोटात धन आहे, लॉगची काही तक्रार नाही. पण साडेएकतीस ढोल कसे वाजतील? तेव्हा ३१ ढोलांनी वाढ पंधराला थोडी कमी पडते आणि ३२ ढोलांनी ओलांडते, असं सांगावं लागतं. केमिस्ट्रीत संहती, म्हणजे द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण, ऋण आली की खोडतात, तेही याच जातीचं काम. तिथे अट लॉगची नसते, वस्तूची असते.

घरी करून पाहायला

पाच गणितं देतो. प्रत्येकाला आधी अटींची चौकट, मग उकल, मग ताळा. उत्तरं खाली आहेत, पण आधी पाहू नका.

पहिलं: लॉग₅(२क्ष + ३) = २
दुसरं: लॉग₃(क्ष + ६) + लॉग₃(क्ष − २) = २
तिसरं: लॉग(क्ष − ४) = लॉग(३क्ष − १०)
चौथं: (लॉग₂ क्ष)² + लॉग₂ क्ष − ६ = ०
पाचवं: लॉग₂(क्ष + ५)² = ६, इथे वर्ग पोटातल्या राशीचा

पहिल्याचं उत्तर ११. दुसऱ्यात ३ आणि −७ येतात. −७ ला पोटात −१ आणि −९, गुणाकार ९, तेच ओळखीचं दार, म्हणून फक्त ३. तिसऱ्यात क्ष = ३ येतो, दोन्हीकडे पोटात −१, उकल नाही. चौथ्यात लॉग₂ क्ष = २ किंवा −३, म्हणून क्ष = ४ आणि १/८, दोन्ही ठेवायचे. पाचव्यात घात पुढे आणला असेल तर तुमच्याकडे फक्त ३ असेल; (क्ष + ५)² = ६४ वरून क्ष + ५ = ८ किंवा −८, म्हणजे ३ आणि −१३, आणि −१३ ठेवलं तर पोटात −८ चा वर्ग, ६४.